संवर्धित चेतापेशी आणि वेदनेचा शोध : एक ऐतिहासिक आढावा (१९०७ ते २०२५)

प्रास्ताविक

शरीरावरील जखम भरून येते, परंतु काही रुग्णांच्या बाबतीत तिची वेदना मागे राहते. नागीण बरी झाल्यानंतरही महिनोन्‌महिने टिकणारी आग, मधुमेही रुग्णाच्या तळपायांत रात्री उठणाऱ्या कळा, अवयव कापून टाकल्यावर त्याच नसलेल्या अवयवात जाणवणारे दुखणे, या सर्वांना आधुनिक वैद्यकशास्त्र ‘चेताजन्य वेदना’ या नावाने ओळखते. सामान्य वेदना ही शरीरावर आलेल्या संकटाची सूचना असते. चेताजन्य वेदनेत मात्र सूचना वाहून नेणारी यंत्रणाच बिघडलेली असते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०११ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, शरीरसंवेदना वाहणाऱ्या चेतासंस्थेला झालेली इजा किंवा तिचा आजार यांतून उद्भवणारी वेदना म्हणजे चेताजन्य वेदना होय.

या वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांपुढे प्रारंभापासून दोन अडचणी होत्या. वेदनेची खबर प्रथम वाहणाऱ्या चेतापेशींची मूळ शरीरे पाठीच्या कण्यालगतच्या लहान गाठींत असतात. या गाठींना ‘पृष्ठमूल गुच्छिका’ असे म्हणतात. जिवंत माणसाच्या शरीरातून अभ्यासासाठी त्या काढून घेणे शक्य नसते. दुसरी अडचण नैतिक स्वरूपाची होती. प्राण्याच्या चेतेला इजा करून वेदनेचा अभ्यास करावयाचा, तर त्या प्राण्याला वेदना देणे अटळ ठरते. या दोन्ही अडचणींतून मार्ग काढण्याचे एक साधन म्हणजे प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धन होय.

‘ऊतिसंवर्धन’ हा शब्द महाराष्ट्रातील वाचकास मुख्यतः केळीच्या रोपांमुळे परिचित आहे. वनस्पतीचा लहानसा तुकडा पोषक माध्यमात वाढवून त्यापासून संपूर्ण रोप मिळविता येते. प्राण्यांच्या ऊतींपासून संपूर्ण प्राणी मिळत नाही, परंतु शरीराबाहेर काढलेल्या पेशी योग्य तापमानात आणि योग्य माध्यमात जिवंत राहतात व आपले कार्य करीत राहतात. विशेष म्हणजे, प्राण्यांच्या ऊतींचे शरीराबाहेर यशस्वी संवर्धन करण्याच्या इतिहासाचा प्रारंभच चेतापेशीपासून झाला. प्रस्तुत लेखात या प्रारंभापासून अलीकडील प्रयोगांपर्यंतचा मागोवा घेतला असून, जी पेशी स्वतः दुःख भोगत नाही ती वेदनेविषयी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, या प्रश्नाचा त्या इतिहासाच्या आधारे विचार केला आहे.

१. रुग्णाचे शब्द हाच एकमेव पुरावा

चेताजन्य वेदनेचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात झाले. फिलाडेल्फिया येथील डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी बंदुकीच्या गोळीने चेतांना इजा झालेल्या सैनिकांचा अभ्यास करून १८६४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८७२ मध्ये त्याच विषयावर अधिक विस्तृत ग्रंथ लिहिला. जखम बरी झालेल्या हातापायांची असह्य आग होणारे, ती शमविण्यासाठी हात सतत ओला ठेवणारे आणि साध्या स्पर्शानेही कळवळणारे रुग्ण त्यांनी पाहिले. या दाहक वेदनेला त्यांनी ‘कॉझाल्जिया’ हे नाव दिले.

मिचेल यांचे निरीक्षण अचूक होते, तरी ते रुग्णाच्या कथनावर आधारलेले होते. चेतेच्या आत नेमके काय बिघडते, हे जाणण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. किंबहुना, चेतातंतू म्हणजे काय आणि तो कसा निर्माण होतो, याविषयीच त्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रज्ञांत एकमत नव्हते.

२. हॅरिसन यांचा लसिकेचा थेंब

विसाव्या शतकाच्या आरंभी चेतासंस्थेच्या रचनेविषयी दोन पक्ष होते. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांच्या मते प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असून तिचा तंतू तिच्यापासूनच फुटून पुढे वाढतो. विरोधी पक्षाच्या मते चेतासंस्था हे सलग जाळे असून तंतू पेशींमधील आधीच असलेल्या जीवद्रव्याच्या सेतूंतून घडतात. १९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि जाळ्याच्या कल्पनेचे पुरस्कर्ते कामिलो गॉल्जी यांना विभागून मिळाले. एकाच व्यासपीठावर सन्मानित झालेल्या या दोघांची मते परस्परविरोधी होती. दोन्ही पक्ष मृत ऊतींच्या रंगविलेल्या कापांकडे पाहून बोलत होते आणि मृत कापावरून तंतूची वाढ पाहता येणे शक्य नव्हते.

रॉस ग्रॅनव्हिल हॅरिसन यांनी १९०७ मध्ये हा वाद वेगळ्या मार्गाने सोडविला. त्यांनी बेडकाच्या भ्रूणाच्या चेतानलिकेचा लहानसा तुकडा काढून तो बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला. लसिका गोठल्यावर ती काचपट्टी उलटी करून, लोंबत्या थेंबातील ऊतीचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. लोंबत्या थेंबाची ही पद्धत जीवाणुशास्त्रातून घेतलेली होती. त्या थेंबात अन्य पेशींचे सेतू नव्हते, तरीही चेतापेशीतून तंतू फुटला आणि त्याचे टोक अमीबाप्रमाणे चाचपडत पुढे सरकले. काहाल यांचा पक्ष प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झाला.

हॅरिसन यांना ऊतिसंवर्धनाचे शास्त्र स्थापावयाचे नव्हते. त्यांच्यापुढे एक नेमका प्रश्न होता आणि त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी पेशी शरीरापासून अलग करणे आवश्यक होते. पुढे रॉकफेलर संस्थेतील अलेक्सिस कॅरेल आणि माँट्रोझ बरोज यांनी ही पद्धत उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या ऊतींसाठी विकसित केली. तथापि, पेशीला शरीरापासून तोडून तिला एकच प्रश्न विचारावयाचा, हे या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादाही, हॅरिसन यांच्या पहिल्या थेंबातच होती.

३. चोवीस तासांतील प्रभामंडळ

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्या कार्याचा आहे. १९०९ मध्ये तुरीन येथे जन्मलेल्या या ज्यू विदुषीला इटलीतील १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठातील काम सोडावे लागले. महायुद्धाच्या काळात त्यांनी घरातील शयनकक्षात लहानशी प्रयोगशाळा थाटून कोंबडीच्या भ्रूणांवर संशोधन सुरू ठेवले. युद्धानंतर व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाल्या.

एल्मर ब्यूकर यांनी १९४८ मध्ये एक निरीक्षण नोंदविले होते. कोंबडीच्या भ्रूणात उंदराच्या अर्बुदाचा तुकडा रोपला असता संवेदी चेतातंतू त्या अर्बुदात जोमाने वाढतात. हा परिणाम अर्बुदातून पाझरणाऱ्या एखाद्या द्रव्याचा असावा, असा लेव्ही-मोंताल्चिनी यांचा तर्क होता. परंतु भ्रूणात एकाच वेळी इतक्या घडामोडी होत असतात की, त्यातून एका द्रव्याचा परिणाम वेगळा करणे कठीण होते. म्हणून १९५२ मध्ये त्या अर्बुद असलेले दोन उंदीर सोबत घेऊन ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे हेर्टा मायर यांच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत गेल्या. तेथे त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाची गुच्छिका अर्बुदाच्या तुकड्याशेजारी, त्याला स्पर्श न होईल अशी, वाढविली. चोवीस तासांच्या आत गुच्छिकेभोवती चेतातंतूंचे दाट प्रभामंडळ तयार झाले. अर्बुदातून झिरपणारे द्रव्यच तंतूंना चेतवीत होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व दुहेरी आहे. एक तर, त्यातून ‘चेतावृद्धी घटक’ या प्रथिनाचा शोध लागला. दुसरे असे की, संवर्धित गुच्छिका हे मोजमापाचे साधन बनले. १९५३ मध्ये सेंट लुईस येथे आलेले जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना कोणत्या द्रावणात हा घटक आहे हे ठरविण्यासाठी आता भ्रूणाच्या वाढीची वाट पाहावी लागत नव्हती. प्रभामंडळ उमटले की नाही, हे एका दिवसात कळत असे. याच कसोटीच्या साह्याने सर्पविषात आणि त्यानंतर नर उंदराच्या लाळग्रंथीत हा घटक विपुल प्रमाणात असल्याचे आढळले. लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या काळी हा घटक वाढीचा घटक म्हणून ओळखला गेला. वेदनेशी असलेले त्याचे नाते पुढील काळात उलगडत गेले. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, या घटकाच्या ग्राहीच्या जनुकात दोष असणाऱ्या व्यक्तींना जन्मतःच वेदना जाणवत नाही आणि त्यांना घामही येत नाही. वेदनाग्राही चेतापेशींची वाढ भ्रूणावस्थेत याच घटकावर अवलंबून असल्यामुळे असे घडते.

४. गुच्छिकेपासून एकेका पेशीपर्यंत

पृष्ठमूल गुच्छिकेत अनेक प्रकारच्या पेशी एकत्र असतात. काही स्पर्शाची, काही हातापायांच्या स्थितीची, तर काही वेदनेची खबर वाहतात. वेदनेचा अभ्यास करावयाचा तर या पेशी एकमेकींपासून सुट्या करणे आवश्यक होते. यासाठी गुच्छिका काढून ट्रिप्सिन किंवा कोलाजनेज यांसारख्या विकरांनी तिच्यातील बंध सैल केले जातात, नंतर काचनळीतून ती अलगद वरखाली करून पेशी सुट्या केल्या जातात आणि चिकट थर दिलेल्या बशीत पसरवून शरीराच्या तापमानात ठेवल्या जातात. काही तासांतच त्यांना नवे तंतू फुटू लागतात.

या पेशींची भाषा विद्युत्‌संदेशांची असते. एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या आणि १९८१ पर्यंत परिपूर्ण केलेल्या ‘पॅच क्लॅम्प’ तंत्रामुळे पेशीच्या पटलावरील एकेका आयनमार्गातून वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजता येऊ लागला. १९८३ मध्ये बाक्काग्लिनी आणि होगन यांनी उंदराच्या संवर्धित संवेदी चेतापेशींपैकी काहींमध्ये वेदनाग्राही पेशींचे गुणधर्म टिकून राहतात, असे दाखविले. शरीरापासून तुटलेली पेशी आपले काम विसरत नाही, हा या निष्कर्षाचा अर्थ होता. बशीतील पेशीच्या आधारे वेदनेविषयी बोलण्याचा अधिकार संशोधकांना त्यामुळे प्राप्त झाला.

१९८८ मध्ये रोनाल्ड लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. भ्रूणाच्या चेतापेशी चेतावृद्धी घटकावाचून मरतात, परंतु प्रौढ उंदराच्या संवेदी चेतापेशी त्याच्याशिवायही जिवंत राहतात. मात्र तो घटक नसेल तर मिरचीतील तिखट द्रव्य असलेल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देण्याची त्यांची क्षमता ओसरते. म्हणजेच प्रौढ शरीरात हा घटक पेशीच्या जगण्याचा आधार राहत नाही, तर तिच्या संवेदनशीलतेचे नियंत्रण करतो. सूज आलेल्या ऊतीत हा घटक वाढतो आणि तेथे हलका स्पर्शही का दुखतो, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळाले.

याच काळात बशीची रचनाही बदलली. शरीरात चेतापेशीचे मूळ शरीर कण्याजवळ, तर तिचे टोक पायाच्या बोटात असते. साध्या बशीत हे अंतर नाहीसे होते. रॉबर्ट कॅम्पेनो यांनी १९७७ मध्ये कप्पे असलेली बशी वापरली, जिच्यात पेशीचे शरीर एका कप्प्यात आणि तंतूची टोके दुसऱ्या कप्प्यात राहतात. त्यामुळे केवळ टोकाला इजा केली किंवा औषध दिले तर पेशीवर काय परिणाम होतो, हे तपासता येऊ लागले. चेताजन्य वेदनेच्या अभ्यासात तंतूची इजा हाच आरंभबिंदू असल्याने या रचनेला विशेष महत्त्व आहे.

५. मुंबई आणि पुणे येथील परंपरा

पेशीसंवर्धनाची परंपरा महाराष्ट्रात लवकर रुजली. पुणे येथे १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे शिक्षण घेतले. मानवी पेशींचा पहिला अखंड वाढणारा वाण, म्हणजेच ‘हेला’ पेशी, १९५१ मध्ये गाय यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता. मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पुढे १९८६ मध्ये पुणे येथे प्राणिज ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली आणि तिचेच रूपांतर राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाले.

रणदिवे यांचा विषय कर्करोग होता. चेतापेशींच्या संवर्धनाकडे मुंबईतील संशोधक वळले ते कुष्ठरोगाच्या निमित्ताने. कुष्ठरोगाचा जीवाणू चेतांमध्ये, विशेषतः चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींमध्ये, शिरतो. त्यामुळे हातापायांना बधिरता येते आणि अनेक रुग्णांना चेतांची तीव्र वेदनाही सोसावी लागते. हा जीवाणू कृत्रिम माध्यमात वाढत नाही, ही त्याच्या अभ्यासातील मोठी अडचण होती. डॉ. नोशीर अंतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये संघटित चेतासंवर्धनात कुष्ठजीवाणूंचा संसर्ग घडवून त्याचा परिणाम अभ्यासण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९८५ मध्ये पृष्ठमूल गुच्छिकेच्या संवर्धनातील श्वान पेशींविषयीचे निष्कर्ष मांडले. बधिरता आणि वेदना ही एकाच चेतेच्या इजेची दोन रूपे आहेत, हे ज्या रोगात प्रकर्षाने दिसते त्या रोगाच्या अभ्यासासाठी येथेही पृष्ठमूल गुच्छिकाच निवडली गेली, ही बाब लक्षणीय आहे.

६. मिरचीचा दाह आणि उष्णतेचा ग्राही

मिरची तोंडाला ‘जळजळीत’ लागते, असे मराठीत म्हटले जाते. चवीसाठी दाहाचा शब्द वापरण्याची ही पद्धत अनेक भाषांत आहे आणि १९९७ मध्ये तिला पेशीच्या पातळीवर आधार मिळाला. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांचे सहकारी कॅप्सेसिनच्या ग्राहीचा शोध घेत होते. त्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पृष्ठमूल गुच्छिकेतील सक्रिय जनुकांच्या प्रतींचा संग्रह तयार केला आणि त्या प्रती गटागटाने मानवी मूत्रपिंडाच्या भ्रूणपेशींपासून बनलेल्या ‘हेक २९३’ या पेशीवाणात घातल्या. हा वाण १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे तयार झाला होता. या पेशींना कॅप्सेसिनची जाणीव नसते. कॅल्शियम आत शिरताच प्रकाशाचे स्वरूप बदलणारे रंगद्रव्य त्यांत भरून वर कॅप्सेसिन सोडले असता, ज्या गटातील काही पेशींनी प्रतिसाद दिला, त्या गटात अपेक्षित जनुक होते. गट लहान करीत अखेर एक जनुक हाती लागले.

त्या जनुकापासून बनणारा आयनमार्ग आज ‘टीआरपीव्ही १’ या नावाने ओळखला जातो. तो कॅप्सेसिनने उघडतो, तसाच सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे जेथे उष्णता वेदनादायक होऊ लागते तेथे, केवळ उष्णतेनेही उघडतो. मिरची आणि निखारा एकाच दारातून आपली खबर पाठवितात, हे त्यातून समजले.

यांत्रिक दाबाच्या ग्राहीचा शोधही संवर्धित पेशींतूनच लागला. आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने दाबाला प्रतिसाद देणाऱ्या एका पेशीवाणातील ७२ संभाव्य जनुके एकामागून एक निष्क्रिय केली. शेवटचे जनुक निष्क्रिय करताच पेशीचा प्रतिसाद थांबला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून ‘पिएझो’ आयनमार्गांचा शोध लागला. २०१८ मध्ये असे दिसून आले की, ‘पिएझो २’ जन्मतः कार्यरत नसलेल्या व्यक्तींमध्ये दाह झालेल्या त्वचेला हलका स्पर्श केला असता इतरांप्रमाणे वेदना होत नाही. मिचेल यांच्या सैनिकांना साधा स्पर्श का सोसवत नव्हता, या प्रश्नाच्या दिशेने टाकलेले हे एक पाऊल होते. ज्यूलियस आणि पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

७. वेदना नसलेली आणि वेदनेने ग्रासलेली कुटुंबे

पेशीसंवर्धनाने माणसांच्या दुःखाशी थेट संवाद साधला तो सोडियमच्या आयनमार्गांच्या अभ्यासात. ‘एरिथ्रोमेलाल्जिया’ या आनुवंशिक विकारात रुग्णाचे हातपाय सौम्य उष्णतेनेही लाल होऊन भाजल्याप्रमाणे दुखतात. २००४ मध्ये चिनी संशोधकांना या विकाराच्या रुग्णांत ‘एनएव्ही १.७’ या सोडियम आयनमार्गाच्या जनुकात उत्परिवर्तने आढळली. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टीफन वॅक्समन यांच्या गटाने अशी सदोष जनुके संवर्धित पेशींत घालून दाखविले की, त्यांपासून बनलेला आयनमार्ग नेहमीपेक्षा अल्प उत्तेजनाने उघडतो.

दोन वर्षांनी, २००६ मध्ये, याच आयनमार्गाची दुसरी बाजू उजेडात आली. उत्तर पाकिस्तानातील एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवीत असे. तो निखाऱ्यांवरून चाले आणि आपल्या हातांत सुरे खुपसून घेई. संशोधकांना त्याची तपासणी करण्यापूर्वीच, वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी, छपरावरून उडी मारल्यामुळे त्याचा मृत्यू झाला. त्याच्याशी नाते असलेल्या कुटुंबांतील वेदनाहीन मुलांच्या अभ्यासात ‘एनएव्ही १.७’ चे जनुक निकामी असल्याचे आढळले आणि संवर्धित पेशींतील चाचणीने त्या आयनमार्गातून प्रवाह वाहत नाही, याची खात्री पटली. एकाच रेणूतील एका बदलाने आयुष्यभराची आग आणि दुसऱ्या बदलाने प्राणघातक निर्भयता निर्माण होते, हे या दोन संशोधनांनी दाखवून दिले. वेदना ही केवळ पीडा नसून रक्षणकर्तीही आहे, हे सत्य त्या मुलाच्या मृत्यूइतके स्पष्टपणे क्वचितच समोर आले असेल.

८. बशीतून रुग्णशय्येकडे : यशापयशाचा ताळेबंद

इतके अचूक ज्ञान हाती आल्यावर चेताजन्य वेदनेवर प्रभावी औषधे लवकरच मिळतील, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात घडले ते वेगळे.

चेतावृद्धी घटक चेतापेशींना जोम देतो, म्हणून १९९० च्या दशकात मधुमेहजन्य चेताविकारावर तो औषध म्हणून वापरून पाहण्यात आला. टोचलेल्या जागी वेदना होणे हा त्याचा ठळक दुष्परिणाम ठरला आणि मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. पुढे उलट दिशेने प्रयत्न झाला. या घटकाला निष्प्रभ करणाऱ्या ‘टॅनेझुमॅब’ या प्रतिपिंडाने संधिवाताच्या वेदना कमी झाल्या, परंतु काही रुग्णांचे सांधे वेगाने झिजले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने प्रतिकूल मत दिले आणि ते औषध मागे पडले.

‘टीआरपीव्ही १’ रोखणारी द्रव्ये संवर्धित पेशींत उत्तम कार्य करीत होती. माणसांना दिल्यावर त्यांतील काहींनी शरीराचे तापमान वाढविले. हा आयनमार्ग शरीराच्या तापमान-नियमनातही भाग घेतो, हे बशीतील पेशीला सांगता येणे शक्यच नव्हते, कारण बशीचे तापमान यंत्र राखीत असते. ‘एनएव्ही १.७’ रोखणाऱ्या एका औषधाने मधुमेहजन्य चेतावेदनेच्या चाचणीत २०१८ मध्ये पुरेसा परिणाम दाखविला नाही.

अलीकडील उदाहरण ‘सुझेट्रिजिन’ या औषधाचे आहे. ‘एनएव्ही १.८’ या वेदनाग्राही पेशींतील दुसऱ्या सोडियम आयनमार्गाचे जनुक १९९६ मध्ये लंडन येथील जॉन वुड यांच्या गटाने वेगळे केले होते. तो मार्ग रोखणाऱ्या या औषधाला तीव्र तात्कालिक वेदनेसाठी अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मान्यता मिळाली. अफूजन्य औषधांच्या व्यसनाने ग्रासलेल्या समाजासाठी ही मोठी घटना होती. परंतु कमरेतील चेतामुळांच्या वेदनेसाठी झालेल्या, २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्या आणि औषधहीन गोळी घेणाऱ्या अशा दोन्ही गटांतील रुग्णांना जवळजवळ सारखाच आराम वाटला. औषधहीन गोळीनेही माणसाची वेदना उणावते. बशीतील पेशीला मात्र दिलासा देता येत नाही.

९. रुग्णाच्याच पेशी

या अपयशांमागे एक कारण असेही होते की, बहुतेक संवर्धने उंदरांच्या पेशींची किंवा अर्बुदापासून बनविलेल्या वाणांची होती. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या सामान्य पेशींना मूलपेशींचे रूप देऊन दाखविल्यावर नवा मार्ग खुला झाला. २०१२ मध्ये मानवी मूलपेशींपासून वेदनाग्राही चेतापेशी बनविण्याची रासायनिक पद्धत प्रसिद्ध झाली. जिवंत माणसाच्या कण्याजवळची जी पेशी काढता येत नव्हती, तिच्यासारखी पेशी आता त्याच्याच त्वचेपासून किंवा रक्तापासून घडविता येऊ लागली. २०१६ मध्ये अवयवदात्यांच्या पृष्ठमूल गुच्छिकांतून पेशी मिळवून त्यांचे संवर्धन करण्याची सविस्तर कृतीही उपलब्ध झाली.

२०१६ मध्येच एरिथ्रोमेलाल्जियाच्या रुग्णांपासून बनविलेल्या चेतापेशी अतिउत्तेजित असल्याचे आणि ‘एनएव्ही १.७’ रोखणाऱ्या औषधाने त्या शांत होत असल्याचे दिसले. तेच औषध त्या रुग्णांनाही देऊन पाहण्यात आले. २०१९ मध्ये जर्मन संशोधकांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. तिच्या पेशींपासून बनविलेल्या चेतापेशी लॅकोसामाइड या औषधाने शांत होतात, हे पाहून ते तिला देण्यात आले आणि तिच्या वेदना लक्षणीयरीत्या कमी झाल्या. एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही. तरीही बशीतील पेशी आणि तीच पेशी जिच्या शरीराची आहे ती व्यक्ती, या दोघींना एकच प्रश्न विचारला गेला आणि दोघींचे उत्तर जुळले, हे या घटनेचे वेगळेपण आहे.

२०२५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेर्ज्यू पास्का यांच्या गटाने संवेदी चेतापेशी, मज्जारज्जू, मेंदूतील थॅलॅमस आणि मेंदूचे बाह्यक यांची मानवी पेशींपासून बनविलेली चार सूक्ष्म प्रतिरूपे जोडून संवेदना-मार्गाची साखळी घडविली. एका टोकाला दिलेले उत्तेजन दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते, असे त्यांना आढळले. ही साखळी वेदना अनुभवत नाही, असे या संशोधकांनी स्पष्ट केले आहे. मात्र हे स्पष्टीकरण देण्याची गरज भासावी, यातच हॅरिसन यांच्या थेंबापासून झालेला प्रवास सामावला आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्राणिज ऊतिसंवर्धनाचा उगम चेतातंतूविषयीच्या एका मूलभूत वादातून झाला. वेदनेच्या अभ्यासात त्याचा उपयोग पुढे, टप्प्याटप्प्याने होत गेला.

२) प्रश्न पेशीच्या मर्यादेतील असेल, म्हणजे तंतू कसा वाढतो, कोणते द्रव्य त्याला चेतविते, कोणता आयनमार्ग उष्णतेने उघडतो, तेव्हा संवर्धित पेशीने निर्णायक उत्तरे दिली. या उत्तरांपैकी अनेकांसाठी जागृत प्राण्याला वेदना द्यावी लागली नाही, हे या पद्धतीचे नैतिक मूल्य आहे. तथापि, गुच्छिका मिळविण्यासाठी प्राण्यांचा बळी जातच राहिला, याचाही विसर पडता कामा नये.

३) प्रश्न संपूर्ण शरीराचा किंवा व्यक्तीचा असेल, तेव्हा पेशीचे उत्तर अपुरे ठरले. तापमानाचे नियमन, सांध्यांची झीज आणि विश्वासाने मिळणारा आराम या गोष्टी बशीच्या बाहेर राहतात.

४) रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून बनविलेल्या चेतापेशींमुळे पेशी आणि रुग्ण यांची साक्ष एकमेकींशी ताडून पाहणे शक्य झाले. पुढील संशोधनाची ही सर्वांत आशादायक दिशा दिसते.

समारोप

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना काही टिपा जोडल्या आहेत. संवेदी चेतापेशींच्या केवळ हालचालीवरून वेदना आहे असे अनुमान काढता येत नाही आणि एखादी व्यक्ती आपल्याला दुखते असे सांगते तेव्हा त्या कथनाचा आदर राखला पाहिजे, असा त्यांतील काहींचा आशय आहे. मिचेल यांच्यापाशी रुग्णाचे शब्द होते, पण पेशी नव्हती. आजच्या संशोधकापाशी पेशी आहे आणि तिची विद्युत्‌भाषाही त्याला वाचता येते. परंतु ती पेशी ज्या वेदनेची खबर वाहते ती वेदना कोणाची आहे, हे जाणण्यासाठी त्यालाही रुग्णापाशीच परतावे लागते. रात्री तळपाय पोळतात म्हणून झोप न येणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या तक्रारीची बशीत नोंद होत नाही. ती कान देऊन ऐकणारा वैद्य आणि पेशीकडे पाहणारा संशोधक यांच्यात संवाद राहिला, तरच या शतकाहून अधिक काळच्या परिश्रमांचे फळ त्या रुग्णाच्या पदरी पडेल.